रांधायला वीस मिनिटे, भरवायला अर्धा तास

नांदेडहून लातूरच्या रस्त्याला लागले, गोदावरी ओलांडली की थोड्याच वेळात विष्णुपुरी येते. एके काळी हे नदीकाठचे साधे खेडे होते. पुढे १९८१ साली इथे अभियांत्रिकी महाविद्यालय आले, गोदावरीवर धरण झाले, १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली आणि नंतर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आपल्या रुग्णालयासह शहरातून इकडेच हलले. संस्था आल्या तशी माणसेही आली. प्राध्यापक, परिचारिका, निवासी डॉक्टर, प्रयोगशाळेतले सहायक, कचेरीतले लिपिक. बहुतेक तरुण, बहुतेक नवरा-बायको दोघेही नोकरीला, आणि बहुतेकांचे आईवडील मागे कंधारला, मुखेडला, उदगीरला किंवा देगलूरला. घरात दीड-दोन वर्षांचे लेकरू असते आणि त्याला मांडीवर घेऊन काऊ-चिऊचा घास भरवणारी आजी मात्र साठ-सत्तर किलोमीटरवर असते.

अशा घरांत सकाळी साडेआठ-नऊच्या सुमाराला काय चालते, हे वेगळे सांगायला नको. एका शेगडीवर पोळ्या, दुसरीवर डब्याची भाजी, दाराशी स्कूटर, आणि या सगळ्याच्या मध्ये तोंड घट्ट मिटून बसलेले एक मूल. "हा काही खातच नाही" हे वाक्य मी या वसाहतीत इतक्या आयांच्या तोंडून ऐकले आहे की आता ते मला नमस्कारासारखे वाटू लागले आहे. त्या वाक्याच्या मागे जी धास्ती असते, ती मात्र सवयीची होत नाही.

या धास्तीचे एक कारण आपल्या कॅलेंडरातच आहे. २०१७ च्या कायदा दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांसाठीची भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. चांगलेच झाले. आमच्या वेळी बँकेत तीन महिने झाले की खातेवह्यांसमोर हजर व्हावे लागे. पण या सव्वीस आठवड्यांची गंमत बघा. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध आणि सहा महिने पूर्ण झाले की दुधाच्या जोडीला वरचे अन्न, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे बाळाचे उष्टावण आणि आईची कामावरची हजेरी, दोन्ही जवळजवळ एकाच आठवड्यात येतात. ज्या दिवसापासून आईचा वेळ बाळाला सगळ्यांत जास्त लागणार, त्याच दिवशी तो संपतो. ही झाली पगारदार बाईची गोष्ट. शेतात खुरपायला जाणाऱ्या किंवा मोंढ्यात धान्य निवडणाऱ्या बाईला तर हे सव्वीस आठवडेही मिळत नाहीत.

परिणाम आकड्यांत दिसतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या दहा मुलांपैकी जवळजवळ सात मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले आणि शंभरातली पस्तीस मुले वयाच्या मानाने खुजी. देशभरात सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांपैकी पुरेसा आणि विविध आहार मिळतो तो फक्त नऊ जणांत एकाला. एवढी मुले काही उपाशी घरांतली नसतात. फ्रिज आणि मिक्सर असलेल्या घरांतही हा प्रश्न आहे.

एका दिवसाची रोजकीर्द

आमच्या गल्लीतलेच एक घर. तो महाविद्यालयात शिकवतो, ती रुग्णालयात परिचारिका. तिला पाळ्या असतात. मुलगा पावणेदोन वर्षांचा. एका संध्याकाळी ती माझ्याकडे आली ती राजीनाम्याचा विचार घेऊनच.

"काकू, मी घरी थांबल्याशिवाय हा खाणार नाही बघा. वजनच वाढंना गेलंय त्याचं."

"राजीनामा नंतर दे," मी म्हटले. "आधी मला उद्याच्या दिवसाची रोजकीर्द लिहून आण."

रोजकीर्द म्हणजे बँकेत दिवसभराचे सगळे व्यवहार ज्या क्रमाने झाले त्या क्रमाने लिहायचे, काही गाळायचे नाही. तिने आणले ते असे होते. सकाळी सातला बाटलीभर दूध. आठला बाबांच्या चहात बुडवून दोन बिस्किटे. साडेनऊला पोळीचे दोन घास, एक थुंकला. अकराला पाळणाघरात दूध. एकला वरणाचे पाणी आणि भाताचे चार घास. तीनला अर्धे केळे. पाचला दुकानातले पाच रुपयांचे कुरकुरीत पाकीट. साडेसहाला दूध. साडेआठला मोबाइल लावून जेवण, पाच घासांनंतर रडारड. झोपताना पुन्हा दूध.

कागद बघितल्यावर तिलाच हसू आले. पोर उपाशी नव्हते. त्याचे पोट भरलेले होते, पण भलत्याच गोष्टींनी. दिवसाचे जवळजवळ लिटरभर दूध पोटात गेल्यावर मूल जेवेल कशाला? दूध चांगलेच, पण त्यात लोह अगदी थोडे असते. वर्षाच्या पुढच्या मुलाला दिवसाकाठी अर्धा लिटर दूध पुष्कळ झाले. त्याहून जास्त दिले की ते जेवणाची जागा घेते आणि रक्त कमी पडते. चहाचे तर आणखीच वाईट. जेवणातले जे थोडेफार लोह असते, त्याचाही अंगी लागण्याचा मार्ग चहा अडवतो.

पाणी नको, वरण द्या

त्या रोजकीर्दीतली आणखी एक नोंद माझ्या मनात राहिली ती वरणाच्या पाण्याची. ही आपल्या घरोघरची जुनी समजूत. लहान बाळाला जड पचणार नाही, म्हणून वरचे निवळ पाणी द्यायचे आणि खालची डाळ मोठ्यांनी खायची. पण सगळा ऐवज त्या खालच्या डाळीतच असतो. वर्षा-दीड वर्षाच्या मुलाचे पोट केवढे? वाटीभर खाल्ले की भरले. त्या वाटीत पाणी असेल तर पोट पाण्याने भरेल आणि तासाभराने मूल रडेल. चमचा तिरका केला तरी त्यावरून घसरू नये इतके दाट अन्न असावे, अशी एक सोपी खूण डॉक्टर मंडळी सांगतात.

किती द्यायचे, याचाही अंदाज असावा. अडीचशे मिलिलिटरची वाटी धरली तर सहा-आठ महिन्यांच्या बाळाला दोन-तीन चमच्यांपासून सुरू करून हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत, दिवसातून दोन-तीन वेळा. नऊ ते अकरा महिन्यांना अर्धी वाटी, तीन-चार वेळा. वर्षाच्या पुढे पाऊण ते एक वाटी तीन-चार वेळा आणि मधल्या वेळेला एखाद-दुसरा खाऊ. आईचे दूध दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही चालू राहिले तर उत्तमच. वर्षाच्या आत मीठ, साखर, गूळ नको आणि मध तर मुळीच नको.

एकच पातेले

कामावर जाणाऱ्या बाईचा वेळ खरा कुठे जातो, तर वेगवेगळे रांधण्यात. नवऱ्याच्या डब्याचे वेगळे, सासऱ्यांचे बिनतिखटाचे वेगळे, बाळाचे आणखी वेगळे. बाळाचा वेगळा स्वयंपाक हा प्रकार मला तरी अनावश्यक वाटतो. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरात जाऊन बघा. पंगतीत म्हाताऱ्या माणसाच्या शेजारी तीन वर्षांचे पोर बसलेले असते आणि दोघांच्या ताटात तीच दाल, तीच रोटी. आपल्या घरातही हे जमते. युक्ती एवढीच की तिखटाच्या आधी बाळाचा वाटा बाजूला काढायचा.

कुकरमध्ये तुरीची किंवा मुगाची डाळ लावताना तिच्यातच लाल भोपळ्याच्या दोन फोडी, एखादे गाजर आणि मूठभर पालक किंवा शेवग्याचा पाला टाकावा. वरच्या भांड्यात तांदूळ. वीस मिनिटांत काम होते. बाळाच्या वाटीत भात, घट्ट वरण, चमचाभर तूप आणि लिंबाचे चार थेंब. लिंबू नुसते चवीला नाही, त्याने डाळीतले आणि पाल्यातले लोह अंगी लागते. मग उरलेल्या वरणाला लसूण-मिरचीची खमंग फोडणी द्या. सगळ्यांचे जेवण एकाच पातेल्यातून झाले.

वरण उरले तर रात्री वरणफळे. कणकेच्या पोळीच्या चौकोनी फोडी उकळत्या वरणात सोडल्या की दहा-बारा मिनिटांत शिजतात. मुले त्या बोटांनी उचलून खातात, म्हणजे भरवण्याचेही काम हलके. खिचडीला दोन वाट्या तांदळाला एक वाटी मुगाची डाळ हे प्रमाण ठेवावे आणि बाळाच्या वाटीत शेंगदाण्याचा बारीक कूट मिसळावा. मराठवाड्यात शेंगदाणा घरोघरी असतो, म्हणून एक गोष्ट बजावून सांगते. कूट द्यावा, अख्खा दाणा देऊ नये. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकतात. पाच वर्षांपर्यंत हे पथ्य पाळलेच पाहिजे.

ज्वारीच्या भाकरीचे तर काय सांगावे! गरम भाकर दुधात कुस्करून केलेला काला हा आपल्या भागातला सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत झटपट शिशुआहार. मोठ्यांच्या भाकरी थापताना पाच मिनिटांत होतो. दूध नको असेल त्या वेळी भाकर घट्ट वरणात कुस्करावी. आदल्या रात्री भिजवलेल्या ज्वारीच्या कण्या मुगाच्या डाळीबरोबर कुकरला लावल्या आणि वरून ताक घातले तर मोठ्यांचाही नाश्ता होतो. धपाट्यांचे पीठ दह्यात, मेथी किंवा किसलेला भोपळा घालून भिजवायचे, तिखट घालण्यापूर्वी दोन गोळे बाजूला काढायचे. ते धपाटे पाळणाघराच्या डब्यात संध्याकाळपर्यंत मऊ राहतात. दुधात कणीक भिजवून केलेल्या दशम्या पूर्वी प्रवासाला नेत, त्या पाळणाघरात न्यायला काय हरकत आहे? आणि जे खातात त्यांच्यासाठी उकडलेले अंडे आहेच. दहा मिनिटांत पूर्ण शिजते आणि भातात कुस्करताही येते.

उन्हाळ्यातली ठेव

झटपट खाणे ही काही दोन मिनिटांच्या शेवयांबरोबर आलेली कल्पना नव्हे. आपल्या आज्या-पणज्या शेतावर जात होत्या. त्यांनाही वेळ नव्हताच. म्हणून त्या उन्हाळ्यात कामे उरकून ठेवीत. धान्ये-डाळी भाजून मसाल्याबरोबर दळलेले येसर डब्यात असले की उकळत्या पाण्यात चार चमचे सोडून आमटी तयार. मेतकूट असले की मऊ भात आणि तूप एवढेच पुरे. सातूचे पीठ, थालीपिठाची भाजणी, नाचणीचे सत्त्व हे सगळे त्याच जातीचे. माझ्या भाषेत सांगायचे तर ही मुदत ठेव होती. सवडीच्या दिवसांत भरायची आणि घाईच्या दिवसांत काढायची.

या ठेवीला शास्त्राचाही दुजोरा आहे. राष्ट्रीय पोषण संस्था ही १९१८ साली कुन्नूरला सुरू झालेली आणि १९५८ साली हैदराबादला आलेली नामांकित संस्था. तिथल्या संशोधकांनी साध्या बाजारी धान्यांतून मुलांसाठी एक मिश्रण बसवले, ते 'हैदराबाद मिक्स' म्हणून ओळखले जाते. भाजलेले गहू ४० ग्रॅम, फुटाण्याची डाळ १६ ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे १० ग्रॅम आणि गूळ २० ग्रॅम. एवढ्यातून सुमारे ३३० उष्मांक आणि अकरा ग्रॅम प्रथिने मिळतात. घरी दहापट प्रमाणात करावे. चारशे ग्रॅम गहू, एकशे साठ ग्रॅम डाळ, शंभर ग्रॅम दाणे असे मंद आचेवर भाजून, गार करून, मिक्सरमधून बारीक काढून हवाबंद डब्यात ठेवावे. दोनशे ग्रॅम गूळ वेगळा ठेवून लागेल तसा मिसळावा. सकाळी दोन-तीन चमचे पीठ गरम दुधात किंवा पाण्यात कालवले की लापशी तयार, तीही शेगडी न पेटवता. डब्यावर कंपनीचे नाव आणि हसऱ्या बाळाचे चित्र नसते एवढेच.

नाचणीच्या सत्त्वामागचे शहाणपण तर आणखी खोल आहे. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. पण तिची लापशी लगेच घट्ट होते आणि ती पातळ करायला पाणी वाढवले की कस उतरतो. मोड आणून, वाळवून, हलके भाजून दळलेल्या नाचणीच्या किंवा गव्हाच्या पिठाचा एक लहान चमचा त्या घट्ट, गरम लापशीत टाकला तर ती पाणी न घालताच सैल होते. मोड येताना धान्यात जे पाचक द्रव्य तयार होते, त्याचे हे काम. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी यावर मोठे संशोधन केले. आजीला पाचक द्रव्याचे नाव ठाऊक नव्हते, मोड आणायचे मात्र ठाऊक होते. ज्वारीच्या मोडांत काही अपायकारक द्रव्य असते, म्हणून मुलांसाठी मोड आणायचे ते गव्हाला आणि नाचणीला, ज्वारीला नको.

ज्वारीची सुधारणा आपल्याच विद्यापीठाने वेगळ्या वाटेने केली आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने हैदराबादजवळच्या 'इक्रिसॅट' या संशोधन संस्थेच्या सहकार्याने २०१८ साली 'परभणी शक्ती' हे वाण दिले. नेहमीच्या ज्वारीपेक्षा त्यात लोह आणि जस्त जास्त असते. गावाकडे शेती असेल तर चार ओळी त्याच्या पेरायला भावाला सांगून ठेवायला हरकत नाही.

एक सावधगिरी आपल्या हवेची. उन्हाळ्यात इथला पारा बेचाळीसच्या वर जातो. अशा वेळी दळलेले पीठ डब्यात टिकते, शिजलेला भात मात्र टिकत नाही. ठेव कोरड्या जिनसांची करावी, शिजलेले अन्न शिजवले त्याच वेळी खावे, उरले तर लगेच फ्रिजमध्ये ठेवावे.

वाचलेला वेळ कुणाचा?

इथवर सगळा वेळ वाचवण्याचा हिशेब झाला. पण तो वाचवायचा कशासाठी, हे सांगितले नाही तर हिशेब अपुरा राहील. स्वयंपाक झटपट होतो, मूल झटपट जेवत नाही. लहान मूल जेवते तेव्हा ते शिकत असते. हात घालते, सांडते, तोंडातले काढून बघते, पुन्हा घालते. नवा पदार्थ आठ-दहा वेळा समोर आल्यावरच ते त्याला आपला म्हणते. त्याला अर्धा तास लागतो. आपण स्वयंपाकात पाऊण तास घालवतो आणि भरवण्याला सात मिनिटे ठेवतो, मग मोबाइल पुढे करतो, नाक दाबतो, ओरडतो. पडद्याकडे बघत गिळलेल्या घासाची चव मुलाला कळत नाही, आणि पोट भरले हेही कळत नाही.

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी यावर एक वाटणी सुचवली आहे. काय द्यायचे, कधी आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवावे. किती खायचे आणि खायचे की नाही, हे मुलाने. बँकेतही कॅशियरचे काम कॅशियरने आणि अधिकाऱ्याचे अधिकाऱ्याने केले तरच संध्याकाळी ताळा जमतो. आपण मात्र उलट करतो. काय खायचे ते मुलाला ठरवू देतो, म्हणून पाकिटे येतात, आणि किती खायचे ते आपण ठरवतो, म्हणून रडारड होते.

आणि हा अर्धा तास आईनेच द्यायचा, असे कुठल्या शास्त्रात लिहिले आहे? मुलाला भरवायला बांगड्या लागत नाहीत. त्या शेजारच्या घरात आम्ही मिळून जे बदलले त्यात पदार्थ थोडेच होते. झोपतानाची आणि अकराची बाटली बंद झाली, चहा-बिस्किटे आणि पाकीट गेले, पाळणाघरातल्या बाईंना निवळ पाण्याऐवजी घट्ट वरण कालवायला सांगितले. मोठा बदल एकच. रात्री साडेआठचा अर्धा तास बाबांचा ठरला. पहिले चार दिवस फार वाईट गेले. भात भिंतीपर्यंत पोहोचला. "तुझ्याच हातनं खातो गं तो," म्हणून बाबा दोनदा उठलेही. ती जागची हलली नाही. पाचव्या दिवशी मुलाने बाबांच्या ताटातले वरणफळ स्वतः उचलले.

पुढे दोन महिन्यांनी वजनाचा काटा पाऊण किलोने पुढे सरकला होता. पालकाचे पान दिसले की तो अजूनही तोंड फिरवतो, आणि तिच्या रात्रपाळीच्या आठवड्यात घडी विस्कटतेच. पण राजीनाम्याचा विषय तिने पुन्हा काढला नाही. एका पगाराचीच ती गोष्ट नव्हती. सात वर्षे शिकून मिळवलेले काम एका वाटीपायी सुटणार होते आणि तो दोष तिने आयुष्यभर स्वतःच्या किंवा पोराच्या माथी मारला असता. अशा किती वाट्यांपायी आपल्या भागातल्या किती मुली घरी बसल्या, याची नोंद कुठल्याच खातेवहीत नाही.

आज रविवार आहे. दुपारी तासभर काढून गहू, डाळ, दाणे भाजून दळून ठेवले तर पुढच्या दहा सकाळी सोप्या जातील. भाजायला एकाने बसावे, दळायला दुसऱ्याने. रात्री ताटे घेताना बाळालाही आपल्या ओळीत बसवावे, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि कोण भरवणार हे आधीच ठरवून घ्यावे. थोडे सांडेल. सांडू द्यावे.